नकाशा खुला झाला. गावाने तो वाचायचा कधी?

पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांत 'झुडपी जंगल' अशी महसुली नोंद असलेली सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन वनजमीनच मानली जाईल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. या जमिनींवर गेल्या काही दशकांत घरे झाली, शाळा उभ्या राहिल्या, शासकीय कार्यालये आणि आरोग्य केंद्रे आली. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जमिनींसाठी राज्य शासनाने केंद्राची मान्यता मागावी, असा मार्ग न्यायालयाने दाखविला आहे. त्यानंतरच्या वाटपांची कारणे मात्र शासनाला द्यावी लागणार आहेत. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील अनेक गावांना त्यामुळे एकच प्रश्न पडला आहे : आज जिथे वस्ती आहे, तिथे पूर्वी नेमके काय होते?

या प्रश्नाचे उत्तर सर्वसाधारणपणे दोन ठिकाणी शोधले जाते, तलाठ्याच्या दप्तरात आणि गावातील वृद्धांच्या आठवणीत. तिसरा साक्षीदार सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तो म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना स्थलदर्शक नकाशा. भूगोलाच्या विद्यार्थ्यांना 'टोपोशीट' म्हणून ठाऊक असलेला हा कागद एखाद्या तालुक्याच्या गावाचा शंभर वर्षांचा इतिहास सांगू शकतो. फक्त तो शोधण्याची आणि वाचण्याची तयारी हवी.

नकाशाकाराचे अखेरचे गाव

उदाहरण म्हणून वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट घेता येईल, आणि ते घेण्यास एक विशेष कारणही आहे. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ विल्यम लॅम्बटन यांनी १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ केला. जमिनीवर एक आधाररेषा काटेकोर मोजायची, तिच्या टोकांवरून दूरच्या टेकडीचा कोन घ्यायचा आणि त्रिकोणामागून त्रिकोण जोडत पुढे जायचे, अशी ही पद्धत. दोन दशके हे काम उत्तरेकडे सरकत राहिले. हैदराबादेहून नागपूरकडे जात असताना, २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्बटन यांचा हिंगणघाट येथे मृत्यू झाला आणि तेथेच त्यांचे दफन झाले. त्यांचे काम पुढे नेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्ट यांचे नाव जगातील सर्वोच्च शिखराला मिळाले. लॅम्बटन यांचे नाव मात्र हिंगणघाटबाहेर, आणि बहुधा हिंगणघाटातही, फारसे कोणी घेत नाही.

ज्याच्या मोजणीवर देशाचे नकाशे उभे राहिले तो माणूस ज्या गावच्या मातीत विसावला, त्या गावाने आपला जुना नकाशा उघडून पाहू नये, हा विरोधाभास एकट्या हिंगणघाटचा नाही. महाराष्ट्रातील बहुतेक तालुक्याच्या गावांची हीच कथा आहे.

पत्रक क्रमांक ५५ एल/१४

आपल्या गावाचा नकाशा शोधणे अवघड नाही. सर्वेक्षण विभागाच्या जुन्या पद्धतीत देशाचे चार अंश अक्षांश आणि चार अंश रेखांशांचे चौकोन पाडून त्यांना क्रमांक दिलेले आहेत. प्रत्येक चौकोनाचे इंग्रजी ए ते पी असे सोळा भाग आणि प्रत्येक भागाची पुन्हा सोळा पत्रके होतात. हिंगणघाट ५५ क्रमांकाच्या चौकोनातील एल भागात, चौदाव्या पत्रकावर येते. या एका पत्रकावर सुमारे सातशे चौरस किलोमीटरचा परिसर मावतो.

हा क्रमांक दिसतो तितका किरकोळ नाही. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये स्थापन झाला तो मध्य प्रांतात. स्वातंत्र्यानंतर तो मध्य प्रदेशात होता, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. राज्ये बदलली, महसुली कायदे बदलले, मालगुजारी गेली, नोंदींची भाषाही बदलली. सर्वेक्षणाचे पत्रक मात्र त्याच क्रमांकाने, त्याच चौकटीत पुन:पुन्हा मोजले आणि छापले जात राहिले. त्यामुळे इंग्रजांच्या काळातील 'एक मैलास एक इंच' प्रमाणाची आवृत्ती आणि स्वातंत्र्यानंतरची १:५०,००० प्रमाणाची आवृत्ती शेजारी ठेवली, की एकाच भूमीची दोन वयांतील छायाचित्रे समोर येतात. २००५ नंतरच्या खुल्या मालिकेत क्रमांकांची पद्धत बदलली आहे, पण दोन्हींचा मेळ घालता येतो.

रेघांमागचा इतिहास

असे नकाशे शेजारी ठेवल्यावर प्रथम नजरेत भरते ती रेल्वे. कापसासाठी प्रसिद्ध असलेल्या हिंगणघाटला वर्ध्याहून लोहमार्ग आला तो १८७०च्या दशकात, वरोऱ्याच्या कोळशाकडे जाणारी शाखा म्हणून. काझीपेठ-बल्लारशा हा दुवा १९२९ मध्ये पूर्ण झाला आणि ही शाखा दिल्ली-मद्रास मुख्य मार्गाचा भाग बनली. त्या वर्षापूर्वीच्या आणि नंतरच्या आवृत्त्या एकत्र पाहिल्या, तर बाजारपेठ कोणत्या दिशेने वाढली, स्थानकाकडे जाणारा रस्ता केव्हा रुंद झाला, नदीघाटाकडचे जुने गाव केव्हा मागे पडले, यांचा माग काढता येतो. नागपूर-हैदराबाद हा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ आणि आताचा ४४ याच गावावरून जातो. गावाच्या नावातला 'घाट' वणा नदीच्या उताराची आठवण देतो, तर इंग्रजी नकाशांवर हीच नदी 'वुन्ना' अशा अपरिचित रूपात भेटते.

दुसरी गोष्ट पाण्याची. या नकाशांवर पाणी असलेला प्रवाह निळा आणि कोरडा प्रवाह काळा छापतात. उन्हाळ्यात कोरडा पडणारा नाला त्यामुळे एका बारीक काळ्या रेघेवर भागतो, आणि नंतरच्या अभिन्यासात ती रेघ सहज पुसली जाते. तिथे भूखंड पडतात, घरे होतात. नाला मात्र आपली वाट विसरत नाही. २३ सप्टेंबर २०२३ रोजी नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले, तेव्हा महानगरालाही हा धडा मिळाला. लहान शहरे आज त्याच वाटेने वाढत आहेत. त्यांच्या विकास आराखड्याशेजारी साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे पत्रक ठेवले, तर कोणता नाला बुजला आणि पाणी उद्या कुठे शिरेल, याचा अंदाज पावसाळ्यापूर्वीच बांधता येईल.

तिसरी गोष्ट उजाड गावांची. विदर्भात 'रीठ' किंवा महसुली भाषेत 'बेचिराग' म्हणून ओळखली जाणारी गावे अनेक आहेत. दप्तरात गावाचे नाव असते, शिवार असते, पण दिवा लावायला घर नसते. जुन्या नकाशांवर अशा ठिकाणी कधी 'उजाड' अशी नोंद, कधी एकटी विहीर, कधी मंदिराची खूण दिसते. कोणते गाव साथीने उठले, कोणते दुष्काळाने, कोणते पुराने, हे नकाशा सांगत नाही. ते विचारण्यासाठी कोणत्या शिवारात जायचे, एवढे तो नक्की सांगतो. खंडित रेघांनी दाखविलेल्या बैलगाडीच्या वाटांचेही तसेच आहे. आज पांदण रस्त्यांवरून गावोगाव भांडणे आहेत आणि शेतात जायला वाट नाही म्हणून पेरणी अडते. अशा वेळी ती वाट पूर्वी वहिवाटीत होती का, याचा एक जुना आणि तटस्थ पुरावा या रेघांत असू शकतो.

झुडपी जंगलाचा प्रश्नही इथेच येऊन मिळतो. विरळ झुडपे, दाट झुडपे, राखीव वन, लागवडीची जमीन यांना या नकाशांवर वेगवेगळ्या खुणा आणि रंग आहेत. महसुली नोंद कागदावर कशी पडली आणि प्रत्यक्षात जमिनीवर काय होते, यांतील अंतर मोजण्यासाठी ही खूण उपयोगी पडू शकते.

साक्षीला मर्यादा आहेत

तथापि या साक्षीदाराकडून भलत्या अपेक्षा ठेवणे धोक्याचे ठरेल. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरील पन्नास मीटर. अर्ध्या मिलिमीटरची रेघ पंचवीस मीटर जागा व्यापते. दोन शेतांमधला बांध किंवा दोन घरांमधली भिंत अशा नकाशावरून ठरत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख विभागाचा गावनकाशा आणि प्रत्यक्ष मोजणीच हवी. मालकी हक्काबाबत तर स्थलदर्शक नकाशा मौनच पाळतो.

मोबाइलवरील नकाशा आणि जुने पत्रक यांची तुलना करतानाही सावधगिरी हवी. जुनी पत्रके एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये मांडलेल्या पृथ्वीच्या आकारमानावर आधारित आहेत, तर उपग्रहाधारित यंत्रणा वेगळे मापन वापरते. जुन्या पत्रकावरील रेखांश जसेच्या तसे मोबाइलमध्ये घातले, तर या भागात बिंदू शे-दीडशे मीटर सरकू शकतो. नाल्याच्या काठावरचे घर एवढ्या फरकाने नाल्यात जाते किंवा नाल्यातले बाहेर येते. म्हणून जुना पूल, मंदिर, लोहमार्गाचे वळण अशा न बदललेल्या खुणा आधी जुळवाव्यात आणि मगच निष्कर्ष काढावा. तळाशी दिलेले सर्वेक्षणाचे वर्ष आणि छपाईचे वर्ष यांत अनेकदा मोठे अंतर असते, हेही विसरता कामा नये.

नकाशाचे मौन हीसुद्धा एक मर्यादा आहे. हे नकाशे राज्यकर्त्यांच्या गरजेतून जन्मले. टपाल कार्यालय, पोलीस ठाणे, विश्रामगृह त्यावर आवर्जून आहे, पण गावाबाहेरच्या वस्तीत कोण राहत होते, कोणत्या विहिरीवर कोणाला पाणी भरू दिले जात नव्हते, हे त्यावर नाही. इंग्रजी लिपीत अडकलेली नावेही मूळ उच्चारापासून दुरावली. ही उणीव गावातील माणसेच भरून काढू शकतात, आणि त्यांतील जाणती पिढी झपाट्याने मावळत आहे.

दार उघडले, पुढे काय?

एकेकाळी नकाशा मिळविणे हेच दिव्य होते. सागरी किनारा आणि सीमाभागातील पत्रके तर सामान्य नागरिकाला दुर्लभच होती. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षण दलांसाठी एक आणि नागरिकांसाठी एक अशा दोन मालिका वेगळ्या केल्या. २०१७ मध्ये खुल्या मालिकेचे नकाशे संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेण्याची सोय झाली. फेब्रुवारी २०२१च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भूस्थानिक माहितीवरील बहुतांश निर्बंध उठविले आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरणही आले.

पण या खुलेपणाचा भर नव्या नकाशांवर आहे. इतिहासासाठी हव्या असतात त्या जुन्या आवृत्त्या, आणि त्या सहज हाती लागत नाहीत. अमेरिकी लष्कराने १९५०च्या दशकात भारतीय सर्वेक्षणाच्याच पत्रकांवरून तयार केलेली १:२,५०,००० प्रमाणाची मालिका आज टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सर्वांसाठी खुली ठेवली आहे. विदर्भातील शिक्षकाला आपल्या तालुक्याचे सत्तर वर्षांपूर्वीचे रूप पाहायला टेक्सासच्या दारात जावे लागावे, आणि ते आपल्या नगर वाचनालयात मिळू नये, ही परिस्थिती भूषणावह नाही.

ती बदलण्यासाठी मोठा निधी लागत नाही. प्रत्येक तालुक्याच्या गावी, तेथील सार्वजनिक वाचनालयात किंवा नगर परिषदेत, आपल्या परिसराच्या उपलब्ध सर्व आवृत्त्यांचा एक संच असावा. महाविद्यालयात भूगोलाच्या प्रात्यक्षिकासाठी विद्यार्थी कुठल्या तरी दूरच्या प्रदेशाचे पत्रक सोडवितात. त्यांनी स्वत:च्या गावाचे सोडवावे. तो कागद घेऊन त्यांनी वृद्धांकडे जावे, नाल्यांची, पांदणींची, रीठ गावांची स्थानिक नावे नोंदवावीत. विकास आराखड्यावर हरकती मागविल्या जातात तेव्हा जुने पत्रकही लोकांसमोर ठेवले जावे.

सरकारी अधिकाराने तयार झालेल्या नकाशांच्या अचूकतेविषयी कायद्यात अनुकूल गृहीतक आहे. ते पूर्वीच्या पुरावा कायद्याच्या कलम ८३ मध्ये होते आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहे. म्हणजे हा कागद केवळ हौशी संशोधकांच्या कामाचा नाही. झुडपी जंगलाच्या निर्णयानंतर गावोगावी जमिनींची छाननी होईल, तेव्हा शासनाच्या बाजूने कागद मांडणारे अनेक असतील. गावाच्या बाजूने काय मांडायचे, हे ज्या गावाने आपला नकाशा आधी वाचला असेल, त्यालाच सांगता येईल. बाकीच्यांना आपल्याच भूमीची गोष्ट इतरांच्या तोंडून ऐकावी लागेल.