दिवा तर लागलेला होता

सरडा या प्राण्याविषयी आपल्या मराठी माणसाचे मत कधीच फारसे चांगले नव्हते. शब्द फिरवणाऱ्याला आपण सरडा म्हणतो, आणि ज्याची मजल लांब जाणार नाही त्याची धाव कुंपणापर्यंत असे म्हणून मोकळे होतो. लहानपणी वाड्याच्या भिंतीवर मान हलवीत बसलेल्या सरड्याला आम्ही मुले खडे मारीत असू, आणि त्यात काही वावगे आहे असे मोठ्यांनाही वाटत नसे. अशा या प्राण्याची, पुण्यातल्या एका बँकेत छत्तीस वर्षे खर्डेघाशी करून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या गृहस्थाला चार महिने चाकरी करावी लागेल, असे कोणा ज्योतिषाने सांगितले असते तर मी त्याची दक्षिणा परत मागितली असती!

झाले ते असे. गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही उभयता चिरंजीवांकडे अमेरिकेत गेलो. न्यू जर्सी राज्यातले एडिसन हे गाव. तिथे आपली माणसे इतकी, की दुकानात कोथिंबीर निवडताना शेजारून मराठी ऐकू येते. घर ऐसपैस, पण दिवसा रिकामे. चिरंजीव आणि सूनबाई आठाच्या आत बाहेर पडत, बारा वर्षांचा नातू शाळेत जाई. मागे उरत असू आम्ही दोघे. आणि आणखी एक तिसरा प्राणी घरात आहे, याचा पत्ता आम्हाला लागला तो पाचव्या दिवशी.

वरच्या मजल्यावरच्या खोलीत घड्या केलेले कपडे ठेवायला ही गेली होती. तिथून तिने हाक मारली, "अहो, जरा इकडे या. इथे काहीतरी बसले आहे, आणि त्याचे काही खरे दिसत नाही."

कोपऱ्यात जाळीचा एक उंच पिंजरा होता. आत प्लॅस्टिकच्या वेली, दोन फांद्या, पाण्याने भरलेली वाटी आणि वर दोन दिवे. खाली तळाशी वीतभर लांबीचा, मातकट रंगाचा शॅमेलिऑन जातीचा सरडा डोळे मिटून बसला होता. डोक्यावर उंच टोप, डोळे खोल गेलेले, पुढचे दोन्ही पाय कोपरातून बाहेर वाकलेले. फांदी धरून बसणे हा त्याचा जन्मजात धंदा. पावलाची पाच बोटे दोन आणि तीन अशी सामोरासमोर जुळलेली असतात, ती फांदी चिमट्यासारखी पकडण्यासाठीच. पण ती पकडही याच्यात उरली नव्हती.

ही दोन मिनिटे बघत राहिली आणि म्हणाली, "याला मुडदूस झाला आहे."

मी हसलो. ही काही डॉक्टर नव्हे. पण तिने दोन मुले आणि चार भाचरे लहानाची मोठी केलेली आहेत. वाकलेले हाडूक ती बरोबर ओळखते.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर विषय निघाला. हा सरडा नातवाच्या वाढदिवसाला, दीड वर्षापूर्वी, दुकानातून आणलेला. पहिले दोन महिने शेजारपाजारची पोरे बघायला येत. मग फुटबॉल सुरू झाला, पाठोपाठ कॉम्प्युटर आला. पण म्हणून त्याला कोणी टाकून दिले होते असे मुळीच नाही. सूनबाई रोज सकाळी न चुकता पाण्याची वाटी भरून ठेवीत. चिरंजीवांनी दिव्यांना घड्याळाचे बटण बसवले होते, त्यामुळे दिवे सकाळी आपोआप लागत आणि रात्री आपोआप विझत. आठवण होईल तेव्हा नातू डब्यातले रातकिडे पिंजऱ्यात सोडी. प्रत्येकाने आपापले काम केले होते आणि उरलेले दुसरा कोणी करतो आहे असे धरून चालला होता. बँकेत असताना हा प्रकार मी पुष्कळ पाहिला. तीन सह्यांच्या कागदावर चूक राहते ती याच रीतीने.

शनिवारी त्याला एका खोक्यात घालून डॉक्टरीणबाईंकडे नेले. फी ऐकून मी मनातल्या मनात तिचे रुपये करून पाहिले आणि पुन्हा तसे करायचे नाही असे ठरवले. बाईंनी त्याचा जबडा बोटाने दाबून पाहिला. तो रबरासारखा लवत होता. क्ष-किरणांच्या फोटोत हाडे पुसट, पेन्सिलीने काढल्यासारखी. शरीरातले कॅल्शियम संपून हाडे मऊ झाली आहेत, असे त्यांनी सांगितले. थोडक्यात, मुडदूस! हिने माझ्याकडे पाहिले. मी फोटो निरखून पाहू लागलो.

"पण दिवा तर चालू आहे," चिरंजीव म्हणाले.

त्यावर बाईंनी जे सांगितले ते मी अजून विसरलो नाही. त्या दोन दिव्यांपैकी एक उबेसाठी असतो. दुसरा असतो तो उन्हातल्या अतिनील किरणांसाठी. ते किरण अंगावर पडले म्हणजे कातडीत 'ड' जीवनसत्त्व तयार होते, आणि ते असले तरच खाल्लेले कॅल्शियम हाडांना लागते. पण अशा दिव्यातले हे किरण सहा महिने ते वर्षभरात मंदावत जातात. दिवा मात्र तसाच लख्ख दिसत राहतो, कारण हे किरण माणसाच्या डोळ्यांना मुळी दिसतच नाहीत. आमचा दिवा दीड वर्षाचा होता. घरादाराला उजेड दिसत होता आणि त्या उजेडात बसून तो प्राणी खंगत होता.

"मी त्याला दोन दिवस खिडकीतल्या उन्हात ठेवले होते हो," ही म्हणाली. पण खिडकीच्या काचेतून ते किरण जवळजवळ येतच नाहीत, असे बाईंनी सांगितले. ऊन द्यायचे तर उघड्यावरचे.

पाण्याची गोष्ट तर याहून चमत्कारिक. हा प्राणी मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाच्या डोंगरांतला. तो पाणी पितो ते पानांवरचे दवाचे आणि पावसाचे थेंब. वाटीतले संथ पाणी हे पाणी आहे हेच बहुधा त्याच्या ध्यानात येत नाही. म्हणजे रोज भरलेल्या वाटीशेजारी तो तहानेला होता! सूनबाईंचे डोळे भरून आले. बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि थेंब थेंब पाणी पडत राहील अशी काही सोय करायला सांगितले.

ती सोय हिने घरी आल्याआल्या केली. एक प्लॅस्टिकचा पेला घेतला, बुडाला सुईने भोक पाडले आणि पिंजऱ्यावर ठेवला. महादेवाच्या पिंडीवर गळती लावतात, अगदी तशी. खाली कुंडीतले खरे झाड आणून ठेवले. टप्, टप् करीत थेंब पानावर पडू लागले. पाच मिनिटे काही नाही. मग त्याचा एक डोळा उघडला आणि थेंबाकडे वळला. दुसरा मिटलेलाच. मान हळूच पुढे आली, आणि तो प्यायला लागला. घड्याळ लावून सांगतो, बावीस मिनिटे पीत होता. घरातली पाच माणसे हात बांधून उभी होती, आणि कोणी बोलत नव्हते.

मग सुरू झाली आमची चाकरी. नवा दिवा आला, आणि बसवल्याची तारीख मी त्याच्या पट्टीवर लिहिली. उबेच्या दिव्याखालच्या फांदीपाशी नव्वद अंश फॅरनहाइटच्या आसपास ऊब राहावी म्हणून तिथे तापमापक टांगला. पडला तर हाड मोडू नये म्हणून फांद्या खाली बांधल्या. रोज कॅल्शियमच्या औषधाचे थेंब तोंडात घालायचे. रातकिड्यांना आधी गाजर आणि पालेभाजी खाऊ घालायची, म्हणजे ते पौष्टिक होतात, आणि मग लाडू पिठीसाखरेत घोळवावेत तसे त्यांना पांढऱ्या भुकटीत घोळवायचे. हे शेवटचे काम माझ्याकडे. श्रावण लागला तेव्हा ही म्हणाली, "सोमवारी तरी हे स्वयंपाकघरात नको." मी ते गॅरेजमध्ये केले. औषध, अन्न, पाणी, ऊन, सगळ्याची नोंद मी वहीत करीत असे. हिशेब जुळला नाही तर झोप न येण्याची सवय जुनी आहे.

नातू मात्र त्या खोलीकडे फिरकत नसे. चिरंजीव एकदा त्याच्यावर रागावलेही. मी म्हटले, थांब जरा. दुपारी पोराला जवळ घेतले आणि विचारले, "काय रे, तुला तो आवडत नाही का?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "आवडतो, आजोबा. पण मी खूप दिवस गेलो नाही. मग तो आजारी दिसला. मग मला बघवत नव्हतं, म्हणून मी अजून गेलो नाही."

मी त्याला उपदेश करणार होतो. पण तोंडून शब्द फुटला नाही. आपल्याकडून जिथे हयगय झाली तिकडे पाहण्याचेच माणूस टाळू लागतो, आणि त्या टाळण्याने हयगय वाढत जाते, हे त्या बारा वर्षांच्या मुलाला चार वाक्यांत सांगता आले. मी त्याला इतकेच म्हटले, "मला वहीत लिहायला मदतनीस हवा आहे. पगार नाही."

दुसऱ्या दिवसापासून तो येऊ लागला. प्रथम दारात, मग पिंजऱ्यापाशी. सरड्याचे तोंड हलक्या हाताने उघडून थेंब घालायला तो माझ्याआधी शिकला. हा प्राणी एकलकोंडा असतो, त्याला उचलून कुरवाळले तर त्याला सुख नव्हे, त्रास होतो, हेही त्यानेच वाचून मला सांगितले. सरडा बसल्या जागेचा रंग घेतो अशी माझी समजूत होती, तीही त्याने खोडून काढली. रंग बदलतो तो ऊब, भीती, राग आणि जोडीदार यांच्यामुळे. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली मादागास्करच्या एका शॅमेलिऑनवर अभ्यास करून दाखवले, की कातडीतल्या सूक्ष्म स्फटिकांमधले अंतर कमीजास्त होऊन रंग पालटतो. म्हणजे ज्याला आपण लबाडीचे उदाहरण म्हणून वापरतो तो बिचारा आपल्या मनातले अंगावर लिहून दाखवतो. आमच्याने ते वाचले गेले नाही, एवढेच.

जूनच्या अखेरीस त्याचे अंग मातकटाचे हिरवट झाले. सुट्टी लागल्यावर नातू सकाळी पिंजरा मागच्या अंगणात नेई आणि निम्मा भाग सावलीत ठेवून जवळ बसे. जुलैच्या एका सकाळी रातकिडा जाळीवर चढत होता. सरड्याने दोन्ही डोळे त्याच्यावर रोखले. निरोगी शॅमेलिऑनची जीभ त्याच्या धडाहूनही लांब जाते, असे आम्ही नुसते वाचले होते. आजवर त्याला चिमट्याने भरवावे लागत होते. इतक्यात फट् असा बारीक आवाज झाला, आणि जाळीवर रातकिडा नव्हता!

"आजी!" असे ओरडत नातू घरात धावला, तो चपलांसकट. त्या दिवशी हिने शिरा केला. अर्थात आमच्यासाठी.

वाकलेले पाय मात्र सरळ झाले नाहीत. ते होणार नाहीत, असे डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. पण हाडे घट्ट झाली, आणि त्या वाकड्या पायांनी तो वरच्या फांदीपर्यंत जाऊ लागला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतातला शॅमेलिऑन पाळायला मनाई आहे. ते योग्यच आहे, असे माझे आता ठाम मत झाले आहे. पण एकदा घरात आणलेल्या जिवाचे काय, हे सांगणारा कायदा मनातच करावा लागतो.

सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही परत निघालो तेव्हा वही मी नातवाच्या स्वाधीन केली. दिवा बदलायची तारीख त्याने भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावली होती.

विमानात मला झोप येईना. वाईला माझी थोरली बहीण असते. अक्का एकटीच आहे. दर महिन्याच्या एक तारखेला तिच्या खात्यात माझ्या खात्यातून पैसे आपोआप जमा होतात. तशी लेखी सूचना मी स्वतःच बँकेत देऊन ठेवली आहे, आणि ती एकदाही चुकलेली नाही. भाऊबीजेची ओवाळणीही अलीकडे त्याच मार्गाने जात असे. पण तिच्या घरी जाऊन मला दोन वर्षे झाली होती. मग उशीर झाला म्हणून संकोच, आणि संकोचामुळे आणखी उशीर.

गेल्या भाऊबीजेला मी एस.टी.ने वाईला गेलो. अक्काने दार उघडले आणि मला आवाजावरून ओळखले. चष्म्याचा नंबर केव्हाच बदलला होता. वर्षभर तिला पोथी वाचता आली नव्हती.

"अगं, कळवायचे नाही का? पैसे कमी पडत होते का?"

"पैसे कुठले कमी पडायला? ते येतात वेळेवर," अक्का म्हणाली. "दुकानापर्यंत धरून न्यायला कोणी नव्हते, इतकेच."

दुपारी मी तिला हाताला धरून चष्म्याच्या दुकानात नेले. ते दिवाळीमुळे बंद होते. म्हणून मुक्काम वाढवला.