पडद्यावरचा धडा कोण लिहितो?

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात शिक्षणासाठीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता केंद्राकरिता ५०० कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२६-२७ पासून तिसरीपासूनच्या वर्गांत कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यास आणण्याचे जाहीर केले. शाळांत पडदे बसत आहेत, टॅब वाटले जात आहेत. पण एक प्रश्न आपल्या बैठकांमध्ये क्वचितच निघतो. त्या पडद्यावर दिसणारा धडा तयार कोण करतो?

आपली मागणी आजवर साधनांची राहिली. ती रास्त होती आणि आजही आहे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात फक्त ४.४ टक्के घरांत संगणक होता आणि १४.९ टक्के घरांत इंटरनेट. यू-डायस प्लसची २०२४-२५ ची आकडेवारी सांगते की, ६४.७ टक्के शाळांत संगणक आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट आहे. म्हणजे तीनपैकी एक शाळा अजूनही बाहेरच आहे.

तरीही साधन हाती आले की शिक्षण आपोआप येते, असे होत नाही. २०२० मध्ये राज्यात ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हा उपक्रम सुरू झाला आणि रोजचा अभ्यास व्हॉट्सॲपवर येऊ लागला. आम्ही ज्या वस्त्यांमध्ये काम करतो तिथे अनेक घरांत एकच मोबाइल होता आणि तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर जाई. संध्याकाळी सातनंतर तो तिघा भावंडांच्या वाट्याला येई, तेव्हा डेटा संपलेला असे. सकाळी दहाला पाठवलेला व्हिडिओ या मुलांसाठी बनलेलाच नव्हता.

मूल कोण आहे, त्याच्याजवळ काय आहे, त्याला आधी काय येते, धड्यानंतर काय यायला हवे आणि ते आले की नाही हे कसे तपासायचे, या क्रमाने विचार करून धडा रचणे हे एक स्वतंत्र शास्त्र आहे. शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासाचा हा गाभा आहे. अनेकांना वाटते की हा स्लाइड बनवण्याचा किंवा व्हिडिओ कापण्याचा कोर्स असावा. ते काम महिनाभरात शिकता येते. धड्याची रचना करायला मात्र अध्ययनाचे सिद्धांत, मूल्यमापन आणि संशोधनपद्धती शिकावी लागते. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून पुढे आलेली एक गोष्ट पाहा. चित्र दाखवत निवेदन चालू असताना तेच निवेदन शब्दशः पडद्यावर लिहिले, तर सहसा शिकणाऱ्याचे लक्ष विभागते आणि समज कमी होते. आपल्याकडचे कितीतरी ‘डिजिटल धडे’ नेमके असेच बनलेले आहेत.

रचना कोण करतो यावर बरेच ठरते. दिवाळीच्या आसपास आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेले पोर मार्च-एप्रिलमध्ये गावी परतते. त्याचे धडे सुटे, छोटे, जिथून सुटले तिथून पुन्हा धरता येतील असे आणि इंटरनेटशिवाय चालणारे हवेत. ज्याने असे पोर वर्गात पाहिलेच नाही, त्याला हे सुचणार कसे? सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, ती पद्धत पुढे राज्याने स्वीकारली आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. ही कल्पना एका गावातल्या वर्गातून वर गेली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपल्या समाजात बी.एड. झालेले, टीईटी उत्तीर्ण असलेले, पवित्र पोर्टलवरच्या भरतीची वाट पाहणारे किंवा तासिका तत्त्वावर राबणारे तरुण भरपूर आहेत. हा वर्ग त्यांना आतून माहीत आहे. पण पुढचे शिक्षण म्हटले की एम.एड. किंवा स्पर्धा परीक्षा एवढेच दोन रस्ते त्यांच्यासमोर मांडले जातात. मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. आयआयटी मुंबईत २०१० पासून या विषयात पीएचडीची सोय आहे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी इग्नूची पदव्युत्तर पदविका आहे. आमच्या अभ्यासिकांमध्ये विचारले तर ही नावे सांगणारे क्वचितच भेटतात.

परदेशाचा मार्गही आहे. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच आहे. तिच्या जागा मात्र वर्षाला ७५ आणि त्या सगळ्या शाखांमध्ये वाटल्या जातात. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत २०२२ मध्ये एक अट आली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास यांना ती शिष्यवृत्ती मिळणार नाही. याचा फटका आपल्या विषयाला कसा बसतो ते पाहा. शिक्षणातील तंत्रज्ञान परदेशात शिकायला जायचे, पण ‘भारतातील वर्गखोलीत जात आणि तंत्रज्ञान’ असा संशोधनविषय घेतला तर अर्ज अडण्याचा धोका. ज्याने या प्रश्नाचा अभ्यास करायला हवा, त्यालाच तो विषय बदलून सांगावा लागणार.

नोकरीतल्या शिक्षकांची अडचण वेगळी. २०२२ मध्ये डिसले यांच्या फुलब्राइट संशोधनासाठीच्या रजेचा प्रश्न राज्यभर गाजला आणि शिक्षणमंत्र्यांना लक्ष घालावे लागले. जगभर नाव झालेल्या शिक्षकाची ही गत, तर दुर्गम तालुक्यातील शिक्षिकेने अभ्यासरजेचा अर्ज कोणाच्या भरवशावर करायचा?

एक सावधगिरीही सांगायला हवी. या क्षेत्राकडे केवळ ‘मार्केट आहे’ म्हणून पाहू नये. एकेकाळी देशातील सर्वांत मोठी गणली गेलेली बायजूज ही कंपनी जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. महागडे ऑनलाइन प्रमाणपत्र विकणारे सल्लागारही गल्लोगल्ली आहेत. प्रवेश घेण्याआधी चार गोष्टी तपासाव्यात: पदवी देणारे विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे का, अभ्यासक्रमात प्रत्यक्ष शाळेतले काम आहे का, मूल्यमापन व संशोधन शिकवतात का, आणि शिष्यवृत्ती लागू होते का. माध्यमिक शाळेत शिक्षक व्हायचे असेल तर बी.एड.ची अट कायम राहते, हेही विसरू नये.

मग करायचे काय? विद्यार्थी संघटनांनी परदेश शिष्यवृत्तीतील विषयबंदी उठवण्याची मागणी फीवाढीच्या मागणीइतक्याच जोराने लावून धरावी. जिल्हा परिषदांकडे अभ्यासरजेचे स्पष्ट आणि वेळेत निकाल देणारे नियम मागावेत. राज्यात डिजिटल धडे तयार करणाऱ्या प्रत्येक समितीत सरकारी शाळेतले शिक्षक किती आणि ते कुठल्या भागातले, ही माहिती माहिती अधिकारात काढावी. आणि येत्या प्रवेशाच्या हंगामात प्रत्येक अभ्यासिकेने निदान दोन बी.एड.धारकांना या अभ्यासक्रमांचे अर्ज भरायला बसवावे.

पाठ्यपुस्तकात आपण कुठे आहोत, यासाठी आपल्या आधीच्या पिढ्या भांडल्या. आता पाठ्यपुस्तक पडद्यावर सरकते आहे. ते छापून झाल्यावर निषेधाचे निवेदन देण्यापेक्षा, ते लिहिले जाते त्या टेबलावर आपली माणसे आधीच बसलेली असावीत.