किल्ली सर्वांत शेवटी

बँकेच्या नोकरीत 'निष्क्रिय खाते' हा शब्द माझ्या रोजच्या वापरातला होता. सलग दोन वर्षे खातेदाराने काहीच उलाढाल केली नाही, की ते खाते त्या यादीत जाई. मग एखाद्या दिवशी खातेदाराचा मुलगा पासबुक घेऊन येई आणि आत्ताच्या आत्ता रक्कम हवी म्हणून अडून बसे. आम्ही त्याला खुर्ची देत असू. आधी ओळख, मग सही, मग वारसाचे कागद आणि त्यानंतर रक्कम. तो चिडे. पण घाईने दिलेला पैसा परत येत नाही, हे काउंटरच्या आतल्या बाजूला बसणाऱ्याला ठाऊक असते. हाच धडा निवृत्तीनंतर मला एका मोटारीपुढे उभे राहून नव्याने गिरवावा लागला. या वेळी चिडणारा मुलगा मीच होतो.

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही उभयता लेकीकडे इंग्लंडात होतो. ऑक्सफर्डजवळ थेम्स नदीच्या काठी ॲबिंग्डन नावाचे गाव आहे, तेथे तिचे घर आहे. गाव शांत असले तरी मोटारींच्या जगात त्याचे नाव मोठे आहे. एम.जी. या स्पोर्ट्स मोटारींचा कारखाना १९२९ पासून १९८० पर्यंत येथेच होता. त्यांतील एम.जी.बी. ही मोटार १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाली. लेकीच्या शेजारी ऐंशीच्या घरातील एक बाई एकट्याच राहतात. त्यांचे यजमान तरुणपणी त्याच कारखान्यात कामाला होते. त्यांची १९७२ सालची, दोन आसनांची, उघड्या टपाची एम.जी.बी. घरामागच्या गॅरेजमध्ये कापडाखाली उभी होती. यजमानांना जाऊन आठ वर्षे झाली होती आणि तेव्हापासून तिचे चाक हलले नव्हते.

बाईंच्या मुलाने एका जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्याशी बोलणी केली होती. व्यापाऱ्याने दोन भाव सांगितले होते. गाडी चालू झाली तर एक, न झाली तर दुसरा. आणि हा दुसरा भाव भंगारापेक्षा थोडाच बरा होता. गाडी न्यायला तो दहा दिवसांनी येणार होता. बाई माझ्या जावयांना म्हणाल्या, "भावाचे मुलगा पाहील. ती जाण्याआधी एकदा तिचा आवाज ऐकता आला, तर मला बरे वाटेल."

जावई शिक्षणाने यांत्रिक अभियंते आहेत. त्यांनी होकार दिला आणि शनिवारी सकाळी आम्ही दोघे गॅरेजमध्ये गेलो. कापड काढले, लाल रंगावरची धूळ पुसली. मी उत्साहाने म्हणालो, "जावईबापू, शेजारच्या गाडीवरून वीज घेऊ या आणि किल्ली फिरवून पाहू. झाली चालू तर झाली."

"बाबा, थांबा," ते म्हणाले. "आठ दिवसांचे लंघन झालेल्या माणसाला आपण एकदम पंगतीला बसवत नाही. इथे तर आठ वर्षे झाली आहेत."

मग त्यांनी कारण सांगितले. इंजिन फार काळ उभे राहिले, की सिलिंडरच्या भिंतींवरचे तेल हळूहळू खाली निथळून जाते. कोरड्या भिंतीवर दमट हवेने गंज चढतो आणि पिस्टनची कडी तेथे चिकटतात. अशा वेळी स्टार्टरने जोर लावला, तर कडे तुटते किंवा भिंतीला ओरखडा पडतो. जे काम चमचाभर तेलाने झाले असते, त्यासाठी सारे इंजिन उघडावे लागते. किल्ली हा तपासणीचा पहिला नव्हे, शेवटचा टप्पा आहे.

त्यांनी बाईंना विचारले, "गाडीचे काही कागद आहेत का?" मला बँकेची आठवण झाली. बाईंनी फडताळातून एक तेलकट वही आणून दिली. यजमानांनी तारखेनिशी सारे टिपून ठेवले होते. तेल कधी बदलले, प्लग कधी घातले, पेट्रोल किती भरले. आपल्या दुकानातल्या कीर्दीसारखीच वही होती ती. शेवटच्या पानावर एक ओळ होती: 'पंप अडकतो. हलकेच ठोकावा.' जावयांनी ती ओळ दोनदा वाचली आणि वही खिडकीत उघडी ठेवली.

पहिल्या दिवशी आम्ही केवळ पाहणी केली. हवेच्या गाळणीत उंदराने गवताचे घरटे केले होते. घरटे रिकामे होते, ते अलगद बाहेर काढले. वायरी कुरतडलेल्या नव्हत्या, हे नशीब. मग चारही स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडले आणि ते रात्रभर मुरू दिले. दुसऱ्या दिवशी गाडी चौथ्या गिअरमध्ये घालून आम्ही ती मागे-पुढे हळूहळू ढकलू लागलो. मागची चाके प्रथम हलेनात, कारण ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटले होते. ते मोकळे केल्यावर पुन्हा ढकलले. एक क्षण काहीच झाले नाही, आणि मग आत काहीतरी सुटल्यासारखे वाटून इंजिन फिरले. जावयांनी सुटकेचा श्वास टाकला. अर्धी लढाई तेथेच जिंकली होती.

पुढचा विषय बॅटरी. या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांच्या मागे जमिनीखाली असतात. त्या दोन्ही मृत होत्या. शिशाची बॅटरी रिकामी राहिली, की आतल्या पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे कडक स्फटिक जमतात आणि मग ती भरली जात नाही. नव्या आणल्या. बॅटरीच्या तारेचे टोक आणि इंजिनची अर्थिंगची पट्टी घासून स्वच्छ केली. पुष्कळदा बॅटरी चांगली असते, पण गंजलेल्या जोडणीतून वीजच पुढे जात नाही.

मग पेट्रोल. टाकीतील जुन्या पेट्रोलला रोगणासारखा वास येत होता. ते सारे काढून टाकले. पेट्रोलचे हलके घटक उडून जातात आणि मागे उरलेला चिकट भाग कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे बुजवतो. त्यातून इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतला ओलावा ओढते आणि जुन्या रबरी नळ्यांना बाधते. इंग्लंडात २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. म्हणून आम्ही नळ्या आणि गाळणी बदलली.

इंजिनचे तेल बदलले. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट काळवंडले होते. ते घासून त्यांच्यातील फट वहीत लिहिल्याप्रमाणे एका इंचाचा पंधरा हजारांश भाग इतकी ठेवली. मग पंपाची तार सोडून, प्लग न बसवता, स्टार्टरने इंजिन थोडे थोडे फिरवले. प्लग नसल्यामुळे इंजिनवर दाब येत नाही आणि तेल सगळीकडे पोचते. तेलाच्या दाबाचा काटा वर चढलेला दिसला, तेव्हाच जावयांनी प्लग बसवून पंपाची तार जोडली आणि टाकीत ताजे पेट्रोल ओतले.

त्या दिवशी चालकाच्या आसनावर मी होतो. गाडी ढकलून गॅरेजबाहेर उघड्यावर आणली होती, कारण बंद जागेत इंजिनचा धूर जीवघेणा असतो. अग्निशामक नळकांडे जावयांच्या पायाशी होते. मी किल्ली एक घर फिरवली. शांतता. पंपाचा आवाजच नाही. जावई मागच्या चाकाजवळ वाकले आणि त्यांनी पान्याच्या दांड्याने पंपाला दोन हलक्या टिचक्या दिल्या. टिक, टिक, टिक. पंप चालू झाला. आठ वर्षांपूर्वी लिहिलेली ओळ खरी ठरली. आनंदाच्या भरात मी किल्ली पुढच्या घरात फिरवणार, इतक्यात जावई ओरडले, "बाबा, बंद करा! आधी बंद करा!"

मी किल्ली मागे घेतली. कार्ब्युरेटरच्या टाक्या भरल्या की पंपाची टिकटिक थांबायला हवी. ती थांबली नव्हती. वास मलाही आला. मागच्या कार्ब्युरेटरमधली सुई चिकट गाळाने उघडीच अडकली होती आणि पेट्रोल वाहून खाली ठिबकत होते. या इंजिनात कार्ब्युरेटर आणि धुराची नळी एकाच बाजूला, वर-खाली असतात. त्या क्षणी इंजिन उलटे फुरफुरले असते, तर काय झाले असते हे मला कोणी समजावण्याची गरज नव्हती. बाई दहा पावलांवर उभ्या होत्या. किल्ली धरलेला माझा हात बराच वेळ थरथरत होता.

सारे पेट्रोल पुसून वाळू दिले. सुई स्वच्छ केली. दुसऱ्या दिवशी पंप दहा-बारा वेळा टिकटिकला आणि थांबला. दोन मिनिटे आम्ही नुसते पाहत राहिलो. एकही थेंब पडला नाही. चोक ओढून किल्ली फिरवली. पहिल्या दोन खेपा वाया गेल्या, तिसऱ्या खेपेला इंजिन पेटले. सिलिंडरमधले तेल जळून निळसर धुराचा लोट निघाला आणि हळूहळू विरला. बाई जवळ आल्या, बॉनेटवर हात ठेवून उभ्या राहिल्या. काही वेळाने म्हणाल्या, "निघण्यापूर्वी तो असाच एक मिनिट ऐकत राहायचा. मला वाटायचे, उगीच वेळ घालवतोय."

व्यापारी आला, पण भाव नव्याने ठरला. ब्रेक आणि टायर तपासल्याखेरीज ती रस्त्यावर नेऊ नये, हे जावयांनी त्यालाही बजावले. वही मात्र बाईंनी दिली नाही. तिची नक्कल करून दिली.

वाचकहो, स्पोर्ट्स मोटार आपल्यापैकी थोड्यांच्याच दारी असेल. पण वडिलांची जुनी फियाट, परदेशी गेलेल्या मुलाची गाडी, वखारीत पडून असलेला टेम्पो अनेक घरी आहे. आपल्याकडे पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. ते महिनोन्‌महिने टाकीत मुरू देऊ नये. गाडी ठेवायची असेल तर बॅटरीची ऋण तार सोडावी, सपाट जागी हँडब्रेक न लावता चाकांना अडसर द्यावा, आणि तारीख लिहून ठेवावी. रोज दोन मिनिटे इंजिन चालवण्याने आत ओलावाच साठतो. चालवायची तर पुरती गरम होईपर्यंत चालवावी. दुसऱ्या गाडीवरून वीज घ्यायचीच असेल, तर ऋण तारेचे शेवटचे टोक मृत बॅटरीला न जोडता तिच्यापासून दूर, इंजिनच्या उघड्या धातूला जोडावे. बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीने पेट घेतो.

आणि आपणही एक वही ठेवावी. निष्क्रिय खात्यापुढे बसलेल्या त्या मुलांवर मी कधीकधी मनात हसलो होतो. आता कोणी घाई करताना दिसला, की मला ऐन वेळी मागे घेतलेली ती किल्ली आठवते.