तुटलेला तुकडा टाकून देऊ नका

माझ्या गाडीत एसीची हवा ज्या जाळीतून येते तिच्यात पाच आडव्या पट्ट्या आहेत. एक वर केली की पाचही वर होतात, कारण मागच्या बाजूला त्यांना एकत्र धरणारी एक बारीक जोडपट्टी असते. ती एका सकाळी तुटली. पट्ट्या खाली लोंबल्या आणि हवा थेट गुडघ्यांवर यायला लागली. चौकशी केली तर कळलं, जोडपट्टी सुटी मिळत नाही. अख्खी जाळी घ्यावी लागेल, तीही मागवावी लागेल, आणि गाडी जुनी असल्यामुळे मिळेलच असं नाही. एवढ्याशा प्लास्टिकच्या पट्टीपायी एवढा खटाटोप. मेकॅनिक ते दोन तुकडे कचऱ्यात टाकायला निघाला होता, मी मागून घेतले.

तेवढंच सांगायला हे लिहितो आहे. वस्तू मोडली की तिचे तुकडे जपून ठेवा. नवा भाग करायचा तर त्याची सगळी मापं त्या तुकड्यांतच असतात. तुकडे गेले की उरतो तो अंदाज, आणि अंदाजाने केलेला भाग बसत नाही.

आणि हे करायला इंजिनिअर असावं लागत नाही. आपल्याकडे ज्याच्या घरात पाना, कानस आणि जुन्या स्क्रूंचा डबा आहे, तो निम्मा कारागीर असतोच. राहिलेलं निम्मं म्हणजे नीट मोजणं. ते मात्र शिकावं लागतं, आणि बहुतेकांचा पहिला प्रयत्न तिथेच फसतो. म्हणून त्यावर थोडं सविस्तर सांगतो.

एक व्हर्निअर कॅलिपर घ्या. फूटपट्टीने मिलिमीटर कळतो, पण आपलं काम मिलिमीटरच्या आतलं असतं. साधा स्टीलचा व्हर्निअर ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचता येतो. डोळ्यांना त्रास होत असेल तर आकडे दाखवणारा डिजिटल घ्या. प्रत्येक माप तीनदा घ्या. तीनही वेळा वेगळं आलं तर भाग तिरका धरला जातोय असं समजा.

माझ्या जोडपट्टीत पाच भोकं होती, सारख्या अंतरावर. पहिल्यांदा मी सरळ दोन भोकांमधलं अंतर मोजलं, ते १६.२ आलं, आणि तेच चार वेळा धरून पट्टी आखली. पहिली दोन भोकं बसली, तिसरं ओढून बसवावं लागलं, पाचवं बसेचना. प्रत्येक अंतरात ०.२ ची चूक होती. चार अंतरांत ती साठून ०.८ झाली. मग रीत बदलली. दोन्ही तुकडे मोडल्या जागी जुळवून टेबलावर चिकटवले. पहिल्या भोकाच्या बाहेरच्या कडेपासून शेवटच्या भोकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत माप घेतलं, ते आलं ६६.५. त्यातून एका भोकाचा व्यास, म्हणजे २.५ वजा केला, राहिले ६४. त्याला चारने भागलं, आले बरोबर १६. मोजण्यातली चूक तेवढीच होती, पण आता ती चार जागी वाटली गेली. भोकं, दाते, खाचा, जे जे ओळीने येतं ते असंच लांबून मोजा आणि मग भागा.

मापं झाली की लगेच कॉम्प्युटरला हात लावू नका. आधी पुठ्ठा कापा. आमंत्रणपत्रिकेचा जाड कागद किंवा बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा चालतो. तो जागेवर धरून बघा. मागे वायर जाते का, पाना फिरायला जागा राहते का, दार लावताना आडवं येतं का, हे पुठ्ठा पाच मिनिटांत सांगतो. स्क्रीनवर सुबक दिसणारा ब्रॅकेट जागेवर नेला आणि बोल्टचं डोकंच आत जाईना, असं माझं दोनदा झालं आहे. दोन्ही वेळा पुठ्ठ्याचा कंटाळा केला होता.

मग चित्र. फ्रीकॅड हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्यात मापावर बेतलेलं चित्र काढता येतं. उद्या एक आकडा बदलला की बाकीचं आपोआप बदलतं. शाळकरी मुलांना टिंकरकॅड सोपं पडतं. चित्रात एक गोष्ट विसरू नका: २.५ मिलिमीटरच्या खुंटीसाठी २.५ चं भोक काढलं तर ती आत जात नाही. थ्रीडी प्रिंटरवर भोकं थोडी आवळूनच येतात. फिरत्या भागाला दोन-तीन दशांश मिलिमीटरची मोकळीक द्या. आणि अख्खा भाग छापण्याआधी फक्त त्या भोकापुरता चिमुकला तुकडा छापून बघा. दहा मिनिटांत कळतं, आणि चार तासांचं काम वाया जात नाही.

प्रिंटर घरी असायलाच हवा असं नाही. मोठ्या शहरांत आता फाइल दिली की छापून देणारी दुकानं आहेत. कित्येक शाळांत अटल टिंकरिंग लॅबमध्ये हे यंत्र आहे. तुमचं मूल अशा शाळेत असेल तर शिक्षकांशी बोला. आणि खेड्यात हे कुठून येणार असं वाटत असेल, तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळची गोष्ट माहीत असू द्या. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेल्या मुलांना हाताने काम करता करता शिकवायचं, असा त्यांनी धरलेला मार्ग. अमेरिकेतल्या एमआयटीने जगभर फॅब लॅब, म्हणजे अशा यंत्रांच्या कार्यशाळा, उभारायला घेतल्या, तेव्हा अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी एक २००२ मध्ये या पाबळला सुरू झाली.

आता प्लास्टिक. पीएलए स्वस्त, छापायला सोपं, आणि दुकानदार तेच पुढे करतो. गाडीसाठी ते घेऊ नका. साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडतं, आणि मे महिन्यात उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीचा डॅशबोर्ड त्याच्या वर जातो. माझी पहिली नीट बसलेली जोडपट्टी पीएलएची होती. मार्चमध्ये बसवली, मेच्या दुसऱ्या आठवड्यात धनुष्यासारखी वाकली. पीईटीजी ऐंशीच्या आसपास तग धरतं. एबीएस आणि एएसए शंभराच्या घरात जातात, आणि त्यातलं एएसए उन्हाने लवकर ठिसूळ होत नाही. थेट ऊन लागणाऱ्या जागी एएसए वापरा. मात्र एबीएस, एएसए छापताना उग्र धूर येतो, तेव्हा खिडकी उघडी हवी, आणि प्रिंटर रात्री चालू ठेवून झोपू नका. पावसाळ्यात प्लास्टिकची तार ओल धरते. मग छापताना तडतड आवाज येतो आणि भाग कमजोर होतो. ती हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, पापड ठेवतो तशी.

छापताना भाग आडवा ठेवायचा की उभा, यावर त्याचं आयुष्य ठरतं. सुतार फळी कापण्याआधी लाकडाची शीर बघतो, तसंच हे आहे. प्रिंटर थरावर थर रचतो, आणि जोर आला की दोन थरांच्या मधेच तुकडा पडतो. म्हणून ज्या दिशेने भाग वाकणार किंवा ओढला जाणार, ती दिशा थरांच्या लांबीतून जाऊ द्या. खटकन बसणारी क्लिप कधीही उभी छापू नका.

ताण येत असेल तर प्लास्टिक सोडा आणि धातूकडे या. पाच मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची पट्टी हॅकसॉने कापून, कानशीने घासून उत्तम ब्रॅकेट होतो. आयटीआयत फिटरच्या मुलांना सुरुवातीला लोखंडाचा ठोकळा घासून सपाट करायला देतात. चार दिवस तेच करा, हात बसतो. आटे पाडायचे तर ड्रिल नेमकं हवं: एम ५ साठी ४.२, एम ६ साठी ५, एम ८ साठी ६.८ मिलिमीटर. आटे पाडणारा टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, थोडं तेल. जोर लावलात तर टॅप आत मोडतो, आणि मोडलेला टॅप बाहेर काढणं हे मूळ कामापेक्षा अवघड आहे. ड्रिल मशीनवर हातमोजे घालू नका. मोजा अडकला की हात ओढला जातो. भाग हाताने धरून ठेवू नका, तो व्हाइसमध्ये आवळा. ग्राइंडर लावताना चष्मा हवाच. ओढणी, पदर, सैल बाह्या आधी आवरून घ्या.

गोल कामासाठी लेथवाल्याकडे जा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, भोसरीत, साताऱ्या-नाशकाच्या एमआयडीसीत असे टर्नर आहेत, ज्यांच्या हाताला मापाची सवय तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. त्यांच्याकडे 'असाच एक करून द्या' म्हणून जाऊ नका. कागदावर तीन बाजूंनी चित्र, प्रत्येक माप मिलिमीटरमध्ये, कुठलं घट्ट हवं आणि कुठलं ढिलं चालेल ते लिहून न्या. आणि तो काही बदल सुचवेल तर ऐका. मी एका बुशचा आतला कोपरा काटकोनी काढून नेला होता. 'साहेब, इथं गोलाई ठेवा, नाहीतर इथूनच तडा जाईल,' असं त्या मिस्त्रींनी सांगितलं. ते बरोबर होतं.

आता जे घरी करूच नये, त्याबद्दल. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, चाकांचे बोल्ट, सीट बेल्ट, एअरबॅग आणि पेट्रोल-डिझेलच्या नळ्या. हे भाग हौसेचे नाहीत. घरी केलेली एसीची पट्टी मोडली तर गरम होईल. घरी केलेला ब्रेकचा भाग मोडला तर रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणाचा तरी जीव जाईल, आणि त्याने तुमच्या हौसेला होकार दिलेला नसतो. लेथवाला करून देतो म्हणाला तरी नको. भाग दिसायला तसाच होईल. पण पोलाद कुठलं, त्याला पाणी कसं दिलंय, तो किती लाख हेलकावे सोसेल, हे बाहेरून दिसत नाही. तिथे पैसे मोजा आणि कंपनीचा भाग घ्या.

वायरिंगचंही तसंच. ५५ वॅटचे दोन जादा दिवे १२ व्होल्टवर नऊ अँपिअरच्या वर करंट घेतात. तेवढा करंट बारीक वायरमधून आणि साध्या बटणातून नेला की वायर तापते. रिले लावा, आणि बॅटरीजवळच फ्यूज घाला. कायदाही माहीत असू द्या: मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातला तपशील मूळ गाडीशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं. फोन ठेवायची बैठक, कप ठेवायची जागा, तुटलेलं बटण, डिकीतली खोकी हलू नयेत म्हणून चौकट, याला कुणाची हरकत नाही. सायलेन्सर, रुंद चाकं, पुढचे लोखंडी गार्ड यांच्या वाटेला जाऊ नका.

हौसेला तेवढ्याने बांध पडत नाही. गणपतीपुढचा हलता देखावा घ्या. जुन्या बाजारातून गाडीच्या वायपरची मोटर आणा. ती १२ व्होल्टवर चालते, सावकाश फिरते आणि भरपूर जोर देते. घेताना मोटरचा मूळ दांडा तिच्यावरच राहू द्या. मोटरचं टोक निमुळतं आणि दातेरी असतं, त्यावर बसेल असा दांडा घरी करणं फार कठीण. मूळ दांड्याला भोक पाडून पुढची जोडणी करणं सोपं. मोबाईलचा चार्जर तिला पुरणार नाही, निदान पाच अँपिअरचा पुरवठा लागेल. बाकी सगळं, पाळणा हलवणारी पट्टी, मान डोलवणारा खटका, तुमच्या पुठ्ठ्यावर आणि कॅलिपरवर.

शेवटी एका वहीचं सांगतो. प्रत्येक भागाचं चित्र, मापं, तारीख, कशाचा केला आणि पुढे त्याचं काय झालं, हे तिच्यात लिहा. फसलेलेही लिहा. गेल्या महिन्यात शेजारची सातवीतली मुलगी एक काळं, चिरलेलं चाक घेऊन आली. 'काका, आजीच्या शिलाई मशीनवरचं दोरा भरायचं चाक आहे, आणि ते दुकानात मिळत नाही.' मी तिच्या हातात कॅलिपर दिला. पहिलं चाक छापलं ते दांड्यावर ढिलं बसलं, ०.४ ने. माझ्या वहीच्या पानावर तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'भोक १०.४ झाले, १०.० हवे, परत करायचे.' ती येत्या रविवारी येणार आहे, आणि चिरलेलं चाक सध्या माझ्याच डब्यात आहे.