दावेदाराला अतिक्रमणदार म्हणू नका

मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात धूलकोटपासून नेपानगरपर्यंत वनजमिनीचा वाद निघाला की दोन इंग्रजी शब्दांची गल्लत ठरलेली : एन्क्रोचर आणि क्लेमंट. एक अतिक्रमणदार, दुसरा दावेदार. रस्त्यावरून पाहणाऱ्याला दोघेही जंगलात नांगर धरणारेच दिसतात. कायद्याला तसे दिसत नाहीत.

2006 च्या वनाधिकार कायद्यानुसार 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला जास्तीत जास्त 4 हेक्टरवर हक्क सांगता येतो. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत त्याला तिथून हटवता येत नाही, असे कलम 4(5) बजावते. तरीही जुलै 2019 मध्ये नेपानगर भागातल्या सिवल गावात वन विभागाच्या कारवाईत छर्रे झाडले गेले आणि आदिवासी जखमी झाले.

नाण्याला दुसरी बाजूही आहे. 2022-23 मध्ये याच जिल्ह्यात जंगलाची बेसुमार कत्तल झाली आणि ती थांबवा म्हणून स्थानिक आदिवासीच रस्त्यावर उतरले. काल-परवा झाडे तोडून जमीन बळकावणारा खरोखर अतिक्रमणदार आहे. त्याला आणि तीन पिढ्या कसणाऱ्याला एकाच नावाने हाक मारली की फायदा पहिल्याचा होतो, झळ दुसऱ्याला बसते.

अशीच दुसरी जोडी ग्रँट आणि रेकग्नाइज. ग्रँट म्हणजे सरकारने आपल्याकडचे काही देणे. रेकग्नाइज म्हणजे मुळात असलेला हक्क मान्य करणे. कायद्याच्या नावातच ‘रेकग्निशन’ आहे आणि वनवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली त्याच्या प्रस्तावनेत आहे. आपल्याकडे मात्र ‘पट्टेवाटप’ होते : मांडव, हार, मंत्र्यांच्या हस्ते कागद. हक्कदाराला याचक ठरवणारा हा सोहळा कायद्याच्या भाषेशी विसंगत आहे.

सर्वांत फसवी जोडी कन्सल्ट आणि कन्सेंट. 1996 च्या पेसा कायद्यात, म्हणजे आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पंचायत कायद्यात, तिथली जमीन प्रकल्पासाठी घेण्यापूर्वी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी विचारविनिमय करावा, एवढेच म्हटले होते. 2013 च्या भूसंपादन कायद्याने कलम 41 मध्ये पूर्वसंमती आवश्यक केली. विचारविनिमयात गावाचे मत ऐकून घेतले की काम भागते. संमती लागत असेल तर गावाचा नकार प्रकल्प अडवू शकतो. ओडिशातल्या नियमगिरीत ते घडले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2013 मध्ये बॉक्साइट खाणीचा प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला. बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला आणि 2014 मध्ये केंद्राने मंजुरी नाकारली.

हे कायदे दिल्लीत इंग्रजीत लिहिले जातात आणि सातपुड्यात हिंदी, मराठी, निमाडी, बारेली बोलणाऱ्यांपर्यंत पोहोचेस्तोवर त्यातली धार बोथट होते. उपाय अवघड नाही. ग्रामसभेच्या नोटिशीवर ‘तुमचे मत हवे’ की ‘तुमची संमती हवी’ हे ठळक अक्षरांत छापावे आणि गावच्या बोलीत मोठ्याने वाचून दाखवावे. हजेरीपटावरची सही संमती म्हणून धरू नये. आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत वृत्तपत्रांनीही बातमीत ‘अतिक्रमणदार’ न लिहिता ‘दावेदार’ लिहावे.