कृष्णकमळाचा वेल लावावा, काढा करू नये

येडशीत पहिला पाऊस झाला की शेजारणी एकमेकींकडे कृष्णकमळाची फांदी मागतात. फुलातील बाहेरचे तंतू म्हणजे शंभर कौरव, आतले पाच पुंकेसर पांडव आणि वरचे तीन म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेश, असे आपण लहानपणापासून ऐकतो. हा वेल मूळचा अमेरिकेतला. सतराव्या शतकात ख्रिस्ती धर्मगुरूंना याच तंतूंत येशूचा काटेरी मुकुट दिसला, पाच पुंकेसरांत पाच जखमा आणि वरच्या तिघांत तीन खिळे दिसले. त्यावरून इंग्रजीत त्याला ‘पॅशन फ्लॉवर’ म्हणू लागले. इथे पॅशन म्हणजे येशूने भोगलेले क्लेश, कामवासना नव्हे. तेव्हा या नावावर ‘ताकदीची’ पूड कोणी विकत असेल, तर पैसे खिशातच ठेवा.

अलीकडे मोबाईलवर वाचून लोक या वेलाच्या पानांचा काढा झोपेसाठी घेऊ लागले आहेत. परदेशात झोपेसाठी ‘पॅसिफ्लोरा’ वापरतात हे खरे. पण ती ‘इन्कार्नाटा’ नावाची जात. या कुळात पाचशेहून अधिक जाती आहेत. आपल्या मांडवावरचा वेल बहुधा दुसऱ्याच जातीचा किंवा संकरित असतो आणि तो कोणता, हे रोपवाटिकेवालाही सांगू शकत नाही. अनेक जातींच्या पानांत व कच्च्या फळांत सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात. कुंपणावरच्या रानवेलाची जाळीदार आवरणातली फळे मुले खातात. पिकलेली चालतात, हिरवी खाऊ देऊ नयेत.

खऱ्या औषधी जातीचा पुरावा तरी किती? २००१ साली इराणमध्ये चिंतारोगाच्या ३६ रुग्णांवर झालेल्या प्रयोगात तिच्या अर्काचा गुण चिंतेवरच्या एका गोळीइतका आला. छत्तीस म्हणजे आमच्या दवाखान्यातली सकाळची गर्दी. तेवढ्यावर औषध ठरत नाही. उलट २००० साली याच जातीच्या औषधाने एका ३४ वर्षांच्या बाईला उलट्या, गुंगी आणि हृदयाच्या ठोक्यांत गंभीर बिघाड झाल्याची नोंद आहे. गरोदर स्त्रियांनी ते घेऊच नये. झोपेची किंवा फिटची गोळी चालू असेल, दारू घेतली असेल, तर गुंगी वाढते. आपल्या गावावरून सोलापूर-धुळे महामार्ग जातो. गुंगीत स्टिअरिंग धरणारा एकटा स्वतःचाच जीव धोक्यात घालत नाही.

मला खरी काळजी वेगळीच आहे. झोप का येत नाही, हे काढा पिणारा कोणाला विचारतच नाही. रात्री चारदा लघवीला उठणाऱ्याची साखर आणि प्रोस्टेट तपासावी लागते. आडवे झाल्यावर दम लागत असेल तर हृदय पाहावे लागते. संध्याकाळी सहानंतरचे तीन कप चहा हेही कारण असू शकते, आणि ते सांगितलेले कोणालाच आवडत नाही! पण पहाटे तीनला जाग येते, जेवण जात नाही, बोलावेसे वाटत नाही, असे महिना महिना चालले असेल तर ते नैराश्य असू शकते. नापिकी आणि कर्जाने ज्या जिल्ह्यात शेतकऱ्यांनी जीव दिले, तिथे घरच्यांनी अशा माणसाला काढा देऊन झोपवू नये. त्याच्याजवळ बसावे, फवारणीचे औषध कुलपात ठेवावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास फुकट, मराठीतही बोलता येते.

वेल मात्र जरूर लावा. पावसाळ्याच्या तोंडावर पेन्सिलीएवढ्या जाडीची, तीन-चार डोळ्यांची फांदी टोचा. काळ्या मातीत पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून मुरूम व शेणखत मिसळा. ऊन भरपूर हवे, आधाराला तार किंवा मांडव हवा. पानांवर काटेरी अळ्या दिसल्या तर त्या बहुधा नारिंगी फुलपाखराच्या असतात. हाताने काढा, किंवा राहू द्या. वेल पुन्हा फुटतो. ज्या अंगणात लेकरे खेळतात तिथे पंप घेऊन फवारू नका. फूल एकच दिवस टिकते, म्हणून देवाला वाहायचे तर उमलल्या दिवशीच तोडा.