पिंपाची चव, एलची चव

ब्राऊन एलसारख्या परक्या पेयाविषयी मराठीत लिहायचे तर शब्द कोठून आणायचे, असे एका सहकाऱ्याने आम्हांस विचारले. प्रश्न रास्त आहे; पण उत्तर स्वयंपाकघरातच आहे. जवाचे (बार्लीचे म्हणा हवे तर) मोड आणलेले दाणे तपकिरी होईपर्यंत भाजले की त्यांतून जी चव उतरते, तिला आपण 'खरपूस' म्हणतो. भाकरीचा पापुद्रा खरपूस असतो, पिठल्याची खरवड खरपूस असते. इंग्रजी आस्वादक याच चवीसाठी टॉफी, बिस्किट, अक्रोड, पावाची कड अशी चारपाच नामे ओळीने मांडतो. आपले एक विशेषण ते काम निमूटपणे करून टाकते.

अडचण निराळीच आहे. अमेरिकेतल्या एका लहानशा क्राफ्ट ब्रुअरीची, व्हिस्कीच्या पिंपात मुरवलेली ब्राऊन एल एका स्नेह्याने परतताना आणली, आणि आम्ही ती मिळून चाखली. बाटलीवर तिच्या चवीचे वर्णन होते: व्हॅनिला, नारळ, कॅरॅमल, ओक, बर्बन. यादी खोटी नव्हती. पण तीत पिंपच पिंप होते. व्हॅनिलाचा गंध ओकच्या लाकडातील लिग्निनपासून येतो, नारळाचा त्याच लाकडातील लॅक्टोनपासून. बर्बन तर पिंपाचा पूर्वीचा भाडेकरू. कॅरॅमल तेवढे लाकडाच्या आणि भाजलेल्या धान्याच्या सामाईक मालकीचे. म्हणजे जिच्या नावाने बाटली विकली जाते त्या एलविषयी चिठ्ठीत जवळजवळ काहीच नव्हते.

हे असे का होते ते समजण्यासाठी पिंपाचा इतिहास थोडा पाहावा लागतो. अमेरिकेतील दारूबंदी १९३३ साली उठली, आणि त्याच दशकात बर्बनसाठी नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपांचा नियम पक्का झाला. साधारण दोनशे लिटरचे ते पिंप बर्बनला एकदाच चालते. रिकामे झाले की ते स्कॉटलंडला जाते, रम किंवा टकीलावाल्यांकडे जाते, नाहीतर जवळच्या ब्रुअरीत. रिकामे म्हणायचे एवढेच. लाकडाच्या पोटात कित्येक लिटर व्हिस्की मुरलेली असते. त्यात बिअर भरून महिनोन्‌महिने ठेवली की ही व्हिस्की हळूहळू बाहेर येते, लाकडाच्या रंध्रांतून थोडा प्राणवायू आत येतो, आणि नशीब खोटे असेल तर आंबवणारे अनाहूत जंतूही.

शिकागोच्या गूस आयलंड ब्रुअरीने १९९०च्या दशकात जिम बीमच्या पिंपांत स्टाउट मुरवली आणि या प्रकाराला प्रतिष्ठा मिळवून दिली. स्टाउटची गोष्ट वेगळी. ती काळीकभिन्न, कडू, जाडजूड. पिंपाशी दोन हात करू शकते. ब्राऊन एलचा पिंड तसा नाही. न्यूकॅसल ब्राऊन एल १९२७ साली बाजारात आली. तिची ताकद ४.७ टक्के. दिवसभर राबलेल्या माणसाने गप्पा मारत दोन ग्लास प्यावी आणि चालत घरी जावे, अशा बेताची ती. तिचा सगळा गुण मध्यमपणात आहे. तिला पिंपात टिकवायचे म्हणून ब्रुअर आधी तिची ताकद दुप्पट करतो, गोडवा वाढवतो, आणि मग व्हिस्कीच्या हवाली करतो. मूळच्या स्वभावापैकी काय उरते, हे विचारणे आम्हांस आवश्यक वाटते.

ते विचारले जात नाही याला आस्वादाची भाषाही जबाबदार आहे. १९७०च्या दशकात मॉर्टेन मेलगार्ड या डॅनिश शास्त्रज्ञाने बिअरच्या चवींचे एक चक्र तयार केले. त्यामागचा हेतू व्यावहारिक होता: कारखान्यातल्या आणि प्रयोगशाळेतल्या माणसांनी एकाच दोषाला एकच नाव द्यावे, ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर तो सगळ्यांना त्याच शब्दाने कळावा. दोष हुडकण्याचे हे हत्यार पुढे रसिकांच्या हाती आले आणि त्याचे गुणांच्या मोजदादीत रूपांतर झाले. जितके घटक ओळखाल तितके रसिक! कवितेतल्या प्रतिमा मोजून रसग्रहण संपवणारी उत्तरपत्रिका आम्ही वर्षानुवर्षे तपासत आलो आहोत. तिचे हे भावंड आम्हांस चटकन ओळखू आले.

मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त रसाच्या चर्वणेला पानकरसाची उपमा दिली आहे. पानक म्हणजे आपल्या पन्ह्याचाच वडीलधारा. गूळ, मिरी वगैरे त्यात असतात, पण पिणाऱ्याला मिळते ती त्यांतल्या कशाचीच नसलेली एक नवी चव. जाणत्या जिभेला वेलची ओळखू येणार नाही असे नव्हे. पण ज्या पन्ह्यात वेलचीच तेवढी लागते, त्याला कोणी चांगले पन्हे म्हणत नाही. हीच कसोटी पिंपातल्या एलला लावायला हरकत कोणती?

आमच्या बाटलीचे सांगायचे तर थंड असताना पहिले घोट निव्वळ व्हिस्कीचे होते: उग्र, गोड, घशाशी तुरट. डोळे मिटून दिली असती तर कोणीतरी व्हिस्कीत सोडा आणि काकवी घातली आहे असेच वाटले असते. अर्ध्या तासाने, ग्लास खोलीच्या उष्म्याला आल्यावर, तळातून खरपूसपणा वर आला आणि थोडा वेळ त्याने व्हॅनिलाला मागे सारले. तेवढा वेळ ते पानक होते. मग पुन्हा लाकूड.

यावर ब्रुअरांकडे जुना उपाय आहे: पिंपातल्या एलमध्ये ताजी, पिंप न पाहिलेली एल मिसळायची. ज्यांना तीव्रता हेच मूल्य वाटते त्यांना ही भेसळ वाटेल. आम्हांस मात्र तीच खरी कारागिरी वाटते, कारण किती मिसळायचे हे कोणतेही चक्र सांगत नाही; ते चाखणाऱ्याच्या जिभेलाच ठरवावे लागते. आमच्या बाटलीत असे मिश्रण केले आहे की नाही, याचा चिठ्ठीवर उल्लेख नव्हता. पिंपात किती महिने काढले, तो आकडा मात्र ठळक छापला होता.